मोठी नावंच वर का दिसतात? 'अन्याय' म्हणण्याआधी तपासायच्या काही गोष्टी

मुलुंड पूर्वेला आमच्या शेजारच्या इमारतीत एक काका वधू-वर सूचक केंद्र चालवतात. तळमजल्यावर एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि त्यात वर्षानुवर्षांच्या फाइली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याने त्यांना वेबसाइट बनवून दिली. परवा ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "तू पीएचडी करतेस ना? मग मला सांग. 'मराठी वधू-वर मुलुंड' असं टाकलं की पहिल्या पानावर सगळ्या देशभर पसरलेल्या कंपन्या. मी इथे मुलुंडात बसलोय आणि मी कुठेच नाही. ही लबाडी नाही तर काय?"

मी घाईत होते. "हो काका, मोठ्यांना झुकतं माप मिळतंच," असं म्हणून मोकळी झाले. लोकल पकडली आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यात टोचतंय. हेच वाक्य मी माझ्या सल्लागार समितीसमोर म्हटलं असतं तर पहिलाच प्रश्न आला असता, "कशावरून?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेटची तयारी करताय, काही जण पहिला संशोधन प्रस्ताव लिहिताय. 'सर्च इंजिन मोठ्या ब्रँडना अन्यायाने वर ठेवतं का?' हा विषय प्रस्तावासाठी मोहक आहे. सगळ्यांना अनुभव असतो, राग असतो आणि उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. नेमकं म्हणूनच तो घसरवणारा विषय आहे. या लेखात मी ते विधान सुटं करून बघणार आहे. त्यातलं किती टिकतं ते शेवटी सांगते.

एका वाक्यात तीन प्रश्न

काकांच्या तक्रारीत तीन वेगळी विधानं एकत्र आली आहेत.

पहिलं: मोठी नावं वर दिसतात. हे वर्णन आहे. मोजता येतं आणि बहुतेक वेळा खरंही निघतं.

दुसरं: ती वर दिसतात कारण ती मोठी आहेत. हा कार्यकारणाचा दावा आहे. इथे तुम्हाला यंत्रणा दाखवावी लागते. कदाचित त्यांची पानं खरंच जास्त उपयोगी असतील, कदाचित त्यांच्याकडे निवडायला स्थळं जास्त असतील, आणि वर असण्याचं कारण ते असेल.

तिसरं: हे अन्यायाचं आहे. हा मूल्यांचा दावा आहे. त्याला एक मापदंड लागतो. कशाच्या तुलनेत अन्याय? सगळ्यांना समान जागा? उपयोगानुसार जागा? जवळ असलेल्याला आधी जागा?

बहुतेक लेख पहिलं दाखवतात आणि तिसरं सिद्ध झालं म्हणतात. दुसरं मधल्या मध्ये गायब होतं. यापुढे असा एखादा लेख वाचाल तेव्हा पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढे १, २ किंवा ३ लिहून बघा. २ फार कमी वेळा येईल.

नाव वजनदार कसं होतं

तर आधी दुसऱ्या विधानाकडे जाऊ. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी त्यांच्या सर्च इंजिनाबद्दल जो शोधनिबंध मांडला, त्यातली मूळ कल्पना साधी होती. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. लिंक म्हणजे एक प्रकारचं मत, पण सगळ्यांच्या मताला सारखी किंमत नाही. वर्तमानपत्राच्या साइटने दिलेली लिंक आणि काकांच्या भाच्याच्या मित्राने दिलेली लिंक यांत फरक.

यात कोणी ब्रँडची यादी करून ठेवलेली नाही. तरीही मोठ्यांना फायदा होतोच, कारण लिंका सारख्या वाटल्या जात नाहीत. बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की नवी पानं आधीच ओळखीच्या पानांना जोडली जाण्याची शक्यता जास्त असेल, तर काही मोजक्या पानांकडे प्रचंड लिंका आणि बाकीच्यांकडे नगण्य, अशी रचना आपोआप तयार होते. याच धर्तीची गोष्ट रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये वैज्ञानिकांबद्दल सांगितली होती. दोघांनी सारखंच काम केलं तरी श्रेय आधीच नावाजलेल्याला जास्त मिळतं. त्याला त्यांनी 'मॅथ्यू परिणाम' म्हटलं.

म्हणजे पहिला निष्कर्ष असा की पक्षपात करायचा हेतू नसतानाही मोठ्यांना फायदा होऊ शकतो. म्हणून प्रस्तावात 'सर्च इंजिन मुद्दाम करतं' असं लिहू नका. हेतू सिद्ध करायला कंपनीच्या आतली कागदपत्रं लागतात. परिणाम मात्र बाहेरून मोजता येतो.

आतली कागदपत्रं थोडीफार बाहेर आलीही आहेत. मे २०२४ मध्ये गूगलच्या सर्चशी संबंधित अंतर्गत दस्तऐवज फुटले. त्यात सुमारे १४ हजार गुणधर्मांची नावं होती आणि त्यांतलं एक 'साइट ऑथॉरिटी' असं होतं, म्हणजे एका पानाच्या पलीकडे जाऊन संपूर्ण साइटला लावलेलं काहीतरी माप. अनेकांनी लगेच 'सापडला पुरावा' म्हणून जाहीर केलं. सावकाश घ्या. त्या दस्तऐवजात गुणधर्मांची नावं आहेत, वजनं नाहीत. कोणता गुणधर्म रँकिंगमध्ये किती चालतो, आज चालतो की नाही, हे त्यातून कळत नाही. स्वयंपाकघराच्या फडताळात हिंग आहे यावरून आजच्या आमटीत किती हिंग पडलं हे सांगता येत नाही, तसं.

दोन अभ्यास, दोन उलटी उत्तरं

या विषयावर दोन जुने शोधनिबंध एकापाठोपाठ वाचा. पद्धतीबद्दल त्यांतून जेवढं शिकाल तेवढं पाठ्यपुस्तकातून शिकणार नाही.

२००४ मध्ये चो आणि रॉय यांनी गणिती प्रतिमान मांडलं. लोक लिंकांवरून भटकत नवी पानं शोधत असतील तर एक परिस्थिती. सगळे जण सर्च इंजिनातूनच जात असतील आणि ते लोकप्रियतेनुसार क्रम लावत असेल तर दुसरी. दुसऱ्या परिस्थितीत नव्या पानाला लोकांच्या नजरेत यायला कितीतरी पट जास्त वेळ लागतो. आधीच श्रीमंत असलेले आणखी श्रीमंत.

२००६ मध्ये फोर्तुनातो आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वाहतुकीची आकडेवारी पाहिली. त्यांना उलटं दिसलं. मोठ्या साइट्सकडे जाणारी वर्दळ अपेक्षेपेक्षा कमी एकवटलेली होती. सर्च इंजिनाने मक्तेदारी वाढवण्याऐवजी थोडी सौम्य केली होती.

मग खोटं कोण? कोणीच नाही. फरक एका गृहीतकात आहे. पहिल्या प्रतिमानात सगळ्यांसमोर जणू एकच यादी येते. प्रत्यक्षात प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. कोणी 'लग्न स्थळ' टाकतो, कोणी 'मुलुंड पूर्व मराठी वधू-वर मेळावा रविवार' टाकतो. प्रश्न जितका नेमका, तितकी उत्तराच्या लायक पानं कमी, आणि तितकी छोट्या पानाला संधी जास्त.

काकांच्या तक्रारीला हे थेट लागू होतं. 'मराठी वधू-वर' हा सर्वसाधारण प्रश्न आहे, तिथे मोठी नावं वर असणारच. 'मुलुंड' जोडल्यावर प्रश्न थोडा नेमका होतो. त्यानंतरही स्थानिक केंद्र दिसत नसेल तर प्रश्न गंभीर. म्हणजे अभ्यास करायचा तर एका क्वेरीवर थांबून चालणार नाही. सर्वसाधारण ते नेमकी अशा क्वेरींची शिडी करावी लागेल आणि कोणत्या पायरीवर छोटे दिसू लागतात ते बघावं लागेल. ती पायरी मिळाली तर तुमच्या हातात 'झुकतं माप'पेक्षा नेमकं काहीतरी आलं.

आणखी एक. नकाशासोबत येणारे स्थानिक निकाल वेगळ्या हिशेबाने लागतात. गूगल स्वतः त्यासाठी तीन निकष सांगतं: प्रश्नाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. प्रसिद्धीमध्ये परीक्षणांची संख्या आणि वेबवरचा उल्लेखही येतो. म्हणजे अंतर जवळच्या दुकानाला वर ढकलतं आणि प्रसिद्धी मोठ्याला. खालची यादी आणि नकाशातले निकाल एकत्र मोजलेत तर दोन वेगळ्या गोष्टींची सरासरी काढाल.

वर आहे म्हणून क्लिक, क्लिक आहे म्हणून वर

आता खरी अडचण. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना गूगलचे निकाल दाखवले, पण काही जणांना पहिल्या पानाचा क्रम उलटा करून. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. विद्यार्थी तरीही वरच्याच निकालांवर जास्त क्लिक करत राहिले, ते कमी उपयोगी असतानाही. 'वर आहे म्हणजे चांगलं असणार' असा विश्वास.

युरोपीय आयोगाने गूगल शॉपिंगच्या खटल्यात, २०१७ मध्ये, याचे आकडे मांडले. सर्वसाधारण निकालांवरच्या क्लिकपैकी सुमारे ९५ टक्के पहिल्या पानावरच्या दहा निकालांना मिळतात, त्यात पहिल्या क्रमांकाला सुमारे ३५ टक्के. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाला सुमारे १ टक्का. हा फरक फक्त दर्जामुळे असेल असं कोणी म्हणेल म्हणून आयोगाने पुढचं पाऊलही टाकलं. पहिला निकाल तोच ठेवून तिसऱ्या जागी सरकवला तर त्याचे क्लिक सुमारे ५० टक्क्यांनी घटतात. पान तेच, जागा बदलली.

याला दुसरी बाजू जोडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात गूगलच्या सर्चचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी 'नॅवबूस्ट' नावाच्या यंत्रणेबद्दल साक्ष दिली. ती १३ महिन्यांच्या क्लिकच्या माहितीवर चालते.

आता दोन्ही एकत्र वाचा. जागेमुळे क्लिक मिळतात, आणि क्लिकवरून जागा ठरायला मदत होते. ओळखीचं नाव दिसलं की माणूस तिथे क्लिक करतो हे तर वेगळंच. या चक्रात एकदा वर गेलेल्याला वर राहणं सोपं. अर्थात अभियंत्यांना हे माहीत असतं, आणि जागेचा परिणाम वजा करून क्लिक वाचायच्या पद्धतीही संशोधनात विकसित झाल्या आहेत. म्हणून चक्र आहे हे म्हणता येतं. ते किती जोरात फिरतं, हे बाहेरून बघून ठामपणे म्हणता येत नाही.

२०१८ चा भारतीय निकाल: काय सिद्ध झालं, काय नाही

इथे अनेक जण म्हणतील, "पण भारतात तर हे सिद्ध झालंय. गूगलला दंड झालाय." बरोबर. तो निकाल तुम्ही उद्धृत करणार असाल तर आधी वाचा, कारण तो सर्रास चुकीच्या गोष्टीसाठी वापरला जातो.

योगायोग असा की ते प्रकरणही लग्नस्थळांपासूनच सुरू झालं. भारत मॅट्रिमनी चालवणाऱ्या कंपनीने आणि कट्स या ग्राहक संघटनेने २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रारी केल्या. ८ फेब्रुवारी २०१८ ला आयोगाने निकाल जाहीर केला आणि गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण 'सर्च बायस'.

पण तो बायस कोणता? आयोगाने मुख्यतः तीन गोष्टींवर बोट ठेवलं. एक, २०१० पूर्वी बातम्या, चित्रं वगैरेंचे काही एकत्रित निकाल उपयोगानुसार न लागता आधीच ठरलेल्या जागी, पहिल्या, चौथ्या किंवा दहाव्या, बसवले जात होते. दोन, विमानाचं तिकीट शोधताना गूगलच्या स्वतःच्या फ्लाइट्स पानाकडे नेणारा ठळक चौकोन दाखवला जात होता. तीन, काही भागीदार साइट्सना दुसऱ्या कंपनीची सर्च सेवा घेण्यापासून रोखणाऱ्या करारातल्या अटी. जाहिरातींच्या लिलावाबद्दलच्या आरोपांत मात्र आयोगाला उल्लंघन आढळलं नाही. दोन सदस्यांनी बहुमताशी असहमतीची टिपणी जोडली, आणि गूगलने निकालाविरुद्ध अपील केलं.

यात 'मोठ्या ब्रँडना छोट्यांपेक्षा वर ठेवलं' असं कुठे आहे? नाहीच. जे सिद्ध मानलं गेलं त्याचं नाव वेगळं: क्रम लावणाऱ्याने स्वतःच्याच मालाला जागा राखून ठेवणं. युरोपातही हेच होतं. आयोगाने २४२ कोटी युरोंचा दंड केला तो गूगलने स्वतःची किंमत-तुलनेची सेवा वर ठेवून प्रतिस्पर्धी खाली ढकलल्याबद्दल, आणि १० सप्टेंबर २०२४ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्या प्रकरणात दाबले गेलेले प्रतिस्पर्धी हे स्वतः वेबवरचे धंदे होते, गल्लीतली दुकानं नव्हेत.

मला या निकालातली खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. तिथे पोचला कोण? भारत मॅट्रिमनी स्वतः देशभर पसरलेलं नाव आहे. दाद मागणारा मोठा, ज्याच्याविरुद्ध दाद तोही मोठा. लग्नस्थळांच्याच क्षेत्रातलं प्रकरण असूनही, मुलुंडच्या काकांसारख्या केंद्रांचं काय होतं हा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेत येतच नाही. यात आयोगाची चूक नाही. स्पर्धा कायद्याला 'वर्चस्वाचा गैरवापर' दिसतो, 'हळूहळू दिसेनासं होणं' दिसत नाही. तुमच्या संशोधनाची जागा नेमकी तिथे आहे: जो प्रश्न न्यायालयात कोणी नेला नाही.

नावाची उसनवारी

मोठ्या नावाला मिळणारा फायदा कधी योग्य असतो, हेही मान्य करायला हवं. लग्नाच्या बाबतीत फसवणुकीची भीती खरी आहे. एखाद्या अनोळखी साइटवर मुलीचा फोटो आणि पत्ता टाकण्यापेक्षा ओळखीच्या नावावर विश्वास ठेवावासा वाटणं हा मूर्खपणा नाही. ते नाव तपासणी, तक्रार-निवारण, वर्षानुवर्षांचा व्यवहार यांतून आलं असेल तर तीसुद्धा गुणवत्ताच. त्याला वर ठेवलं तर शोधणाऱ्याचं भलंच झालं.

अडचण येते ती नाव एका कामातून कमावून दुसऱ्या कामाला वापरलं जातं तेव्हा. बातम्यांसाठी नावाजलेल्या साइटच्या एका कोपऱ्यात कूपनांची किंवा कर्जांच्या शिफारशींची पानं, तीही तिसऱ्याच कोणीतरी लिहिलेली, आणि तरी वर दिसणारी. हे होत नाही असं म्हणायला आता जागा नाही, कारण मार्च २०२४ मध्ये गूगलनेच 'साइटच्या प्रतिष्ठेचा गैरवापर' या नावाने त्याविरुद्ध धोरण जाहीर केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते आणखी कडक केलं. नियम करावा लागला, याचा अर्थ पळवाट होती. साइटची प्रतिष्ठा न कमावलेल्या पानाला उसनी मिळत होती.

माझ्या मते अन्यायाची सगळ्यात स्वच्छ व्याख्या इथे मिळते: *जे श्रेय पानाने कमावलं नाही ते नावामुळे त्याला मिळणं.* ही व्याख्या मोजता येते.

यादीत नसणं आणि यादीत खाली असणं

मोजण्याआधी एक मराठी अडथळा. काकांची साइट मी शेवटी नीट उघडून पाहिली. मुखपृष्ठावर एक मोठं चित्र. केंद्राचं नाव, पत्ता, 'मुलुंड पूर्व', मेळाव्याची तारीख, सगळं त्या चित्रात. मजकूर म्हणून जेमतेम चार ओळी. बाकीची माहिती पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर फिरते. ही रँकिंगची गोष्टच नाही. मजकूर नसेल तर यंत्राच्या हाती जुळवायला फारसं काही लागत नाही.

मराठीत हे नवं नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठीतल्या कितीतरी साइट्स श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांच्या पद्धतीने चालत. पडद्यावर 'मुलुंड' दिसायचं, पण आत साठवलेली असायची वेगळ्याच अक्षरांची माळ. शोधलं तर सापडायचं नाही. ती पानं कोणी खाली ढकलली नव्हती, ती यादीत आलीच नव्हती.

शिवाय आपण शोधतो कसं? बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाकतात. 'वधू-वर', 'वधुवर', 'वधू वर', आणि रोमनमधली दोन-चार स्पेलिंगं. मोठी कंपनी या सगळ्यांसाठी पानं बनवते, प्रत्येक उपनगराच्या नावाने एक. काकांकडे एकच पान. हा फायदा पैशाचा आहे, पण तो सर्च इंजिनाने दिलेला नाही. तुमच्या निष्कर्षात ही दोन कारणं वेगळी दिसली पाहिजेत.

मग मोजायचं कसं

एक आराखडा देते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही ४ उपनगरं घ्या. ५ सेवा घ्या: वधू-वर केंद्र, शिकवणी, नळदुरुस्ती, घरगुती फराळ, पाळणाघर. झाल्या २० जोड्या. प्रत्येक देवनागरीत आणि रोमनमध्ये, म्हणजे ४०. प्रत्येक सर्वसाधारण आणि नेमक्या शब्दांत, म्हणजे ८०. एवढ्या क्वेरी दोन मैत्रिणी मिळून करू शकतात.

'मोठा ब्रँड' म्हणजे काय ते निकाल बघण्याआधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'किमान १० शहरांत सेवा देणारा'. निकाल बघून व्याख्या ठरवलीत तर हवं ते सिद्ध होईल. लॉग-इन न करता, ठरलेल्या जागेवरून, वेगवेगळ्या दिवशी शोधा. जाहिराती, नकाशा आणि साधे निकाल वेगळ्या रकान्यांत नोंदवा.

पहिल्या पानावर थांबू नका, हे महत्त्वाचं. पहिल्या पानावर आलेले छोटे हे आधीच निवडून आलेले छोटे. तेवढेच पाहिलेत तर ते मोठ्यांपेक्षा चांगले दिसतील आणि तुम्ही घाईने अन्याय जाहीर कराल. निदान पाच पानं घ्या. शिवाय प्रत्यक्ष गल्लीत फिरून वेबवर अजिबात न सापडणाऱ्यांची यादीही करा.

मग प्रत्येक पानाला उपयोगाचे गुण द्या, ० ते ३, दोन स्वतंत्र व्यक्तींकडून, आणि दोघांचं किती जुळतं तेही मोजा. एकदा नाव झाकून गुण घ्या, एकदा नाव दाखवून. नाव झाकलेले गुण सारखे असताना मोठा सातत्याने वर दिसला, तर पानाच्या मजकुराने न कमावलेली ती उंची. नाव दाखवल्यावर माणसांचे गुणही तेवढेच वाढले, तर सर्च इंजिन लोकांच्याच विश्वासाची नक्कल करतंय. आणि यंत्र माणसांपेक्षाही जास्त उंची देत असेल, तर तो फरक तुमचा निष्कर्ष. तोच तिसऱ्या विधानाचा पाया होऊ शकतो.

आतापर्यंतच्या पुराव्यावर माझं मत असं. मोठ्यांना फायदा मिळतो, हे मान्य. दोन ठिकाणी त्याला अन्याय म्हणायला भक्कम आधार आहे: क्रम लावणाऱ्याने स्वतःचा माल वर ठेवला तेव्हा, आणि नाव उसनं दिलं गेलं तेव्हा. क्लिकच्या चक्राबद्दल संशय रास्त आहे, पण त्याचं माप हातात नाही. उरलेल्या बऱ्याच तक्रारींत भाषा, लिपी, पैसा आणि मजकूर नसलेली पानं ही कारणं मिसळलेली आहेत. 'सर्च इंजिन मोठ्यांना अन्यायाने वर ठेवतं' हे सरसकट वाक्य मी प्रबंधात लिहिणार नाही.

आणि आता आरसा आपल्याकडे वळवते. तुम्ही साहित्याचा आढावा कसा घेता? गूगल स्कॉलरमध्ये शब्द टाकता, पहिल्या पानावरचे निबंध उतरवता, बरोबर? बील आणि गिप यांनी २००९ मध्ये दाखवलं की स्कॉलरच्या क्रमात उद्धरणांच्या संख्येला फार वजन असतं. म्हणजे जास्त उद्धृत झालेला वर, वर असलेला आणखी उद्धृत. मराठीत किंवा एखाद्या छोट्या विद्यापीठाच्या नियतकालिकात तुमच्याच विषयावर झालेलं काम तिसऱ्या पानावर, किंवा नाहीच. तिथे मोठं नाव वर ठेवणारे आपणही असतो. मीही माझ्या पहिल्या आढाव्यात हेच केलं होतं. मार्गदर्शकांनी विचारलं, "तिसरं पान उघडलंस का?" उघडलं नव्हतं.

काकांना काल मी पुन्हा भेटले. जिन्यात दिलेलं उत्तर मागे घेतलं, थोडी लाज वाटली. त्यांना सांगितलं की तुमची तक्रार पूर्ण खोटी नाही, पण आधी चित्रातला मजकूर पानावर टाइप करू या, मग महिनाभराने परत शोधू. ते म्हणाले, "आणि तरी नाही आलो तर?"

तरी नाही आले, तर माझ्याकडे पहिली नोंद असेल. उरलेल्या ७९ साठी कोणी यायला तयार असेल तर कळवा.